अबोल्याचा दावा

आमच्या वकीलबाईंच्या ऑफिसात टेबल होतं, पण त्याच्या मागं बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. टेबलावर फायली, कायद्याची जाड पुस्तकं आणि बुद्धाची वीतभर मूर्ती असायची. त्या स्वतः बसायच्या खिडकीपाशी. तिथं दोन प्लास्टिकच्या खुर्च्या शेजारीशेजारी मांडलेल्या, दोन्हींची तोंडं रस्त्याकडं. एकीवर त्या, दुसरीवर आपण. खाली छावणीचा बाजार. आपण आपलं सांगत राहायचं आणि दोघींनी मिळून हातगाडे, शेळ्या आणि सायकलवरून जाणारे जवान बघायचे.

पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंचं लक्षच नाही. मी बोलायची थांबले, तर त्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "सांग की. ऐकतीय मी. तोंडाकडं बघून बोललं की माणूस समोरच्याला आवडंल असं बोलतं."

त्यांच्या मांडीवर परात होती आणि परातीत मेथी. थोड्या वेळानं त्यांनी एक जुडी उचलून माझ्या ओंजळीत दिली. मी दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. आयुष्यातला सगळ्यात वाईट विषय घेऊन वकिलाकडं आले होते आणि तिथं बसून मेथी निवडत होते. नंतर कळलं की हे सगळ्यांनाच करावं लागतं. हिवाळ्यात मटार, तुरीच्या शेंगा. एरवी शेपू, अंबाडी, जे बाजारात असेल ते. बँकेतले एक मोठे साहेब कडक इस्त्रीच्या शर्टात अंबाडीचे देठ खुडत, खाली मान घालून बायकोबद्दल बोलताना मी स्वतः पाहिलेत. हात मोकळे असले की बाया रडतात आणि पुरुष मोबाइल काढतात, असं बाईंचं म्हणणं होतं. निवडलेली भाजी संध्याकाळी त्यांच्याबरोबर घरी जायची. त्यामुळं पक्षकारांच्या दुःखावर बाईंचा स्वयंपाक चालतो, अशी कोर्टात त्यांची चेष्टा व्हायची. ती त्यांना माहीत होती.

साठीच्या आसपासचं वय, बुटका बांधा, केस कानापर्यंत कापलेले. काळा कोट खांद्यावर विटून तपकिरी झालेला आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. वडील लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते, त्यामुळं सगळं लहानपण छावणीतच गेलेलं. तिथली शिस्त त्यांच्या अंगात भिनली होती. दहाची वेळ दिली तर नऊ पन्नासला पोचायचं. दहा वाजून दोन मिनिटांनी गेलं की दार उघडायचं, पण "जयभीम, उद्या ये" एवढंच ऐकायला मिळायचं. खालच्या शिंप्याशी त्या दखनी उर्दूत बोलायच्या, पक्षकारांशी गावाकडच्या मराठीत, आणि न्यायाधीशांपुढं इतक्या शुद्ध मराठीत, की मला पहिल्यांदा ऐकताना वेगळीच बाई उभी आहे असं वाटलं.

माझी केस तशी अवघड होती. सांगायला काही नव्हतं. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर. दारू नाही, मारणं नाही, बाहेर कुणी नाही. फक्त तो बोलायचा बंद व्हायचा. काही तरी बिनसायचं, कधी मला कळायचं, कधी नाही, आणि घरात अबोला सुरू व्हायचा. आठ दिवस, पंधरा दिवस, एकदा तर दीड महिना. त्याच ताटाशी बसायचा, त्याच पलंगावर झोपायचा, पण माझ्याकडं बघायचासुद्धा नाही. निरोप मुलीमार्फत. "आईला सांग, आमटीत मीठ कमी आहे." मी दोन हातांच्या अंतरावर उभी असायची आणि माझी सात वर्षांची पोर वळून मला सांगायची, "आई, मीठ कमी आहे."

हे मी माहेरी सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं. सगळ्यांचे प्रश्न तेच. मारतो का? पितो का? मग? गप्प बसणारा नवरा मिळायला नशीब लागतं, असं माझी एक मावशी हसत म्हणाली होती.

वकीलबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "सगळ्यात लांबचा किती दिवसांचा?"

मी सांगितलं, त्रेचाळीस.

"मोजलेस?"

भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहायच्या चौकोनात मी बारीक टिंबं द्यायची. बाईंनी ते कॅलेंडर मागवून घेतलं. मागच्या तीन वर्षांची तीन कॅलेंडरं मी पिशवीतून नेली, तेव्हा त्यांनी भाजी बाजूला ठेवली आणि टिंबं एकेक करून मोजली. मग म्हणाल्या, की कायद्यात अबोला असा शब्द नाही, क्रूरता असा आहे. हे तेच आहे असं आपल्याला दाखवावं लागेल, आणि ते सोपं नाही. त्या दिवशी घरी जाताना रिक्षात मी रडले. पहिल्यांदाच कुणी तरी ती टिंबं मोजली होती.

बाईंनी मला सगळं वहीत लिहून आणायला सांगितलं. मी रात्री बसून बारा पानं लिहिली. त्यांनी लाल पेन घेतलं आणि 'नेहमी' आणि 'कधीच' हे दोन शब्द जिथं जिथं होते तिथं तिथं खोडले. पानं रक्तबंबाळ झाली. तो नेहमी असं करतो, तो माझ्याशी कधीच नीट वागला नाही. असली वाक्यं त्यांच्याकडं चालायची नाहीत. कोणत्या दिवशी, कुठं, कुणासमोर, एवढंच लिहायचं. दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा बारा पानांची चार झाली. ती चार पानं वाचताना मलाच भीती वाटली, कारण त्यात राग उरला नव्हता आणि तरी सगळं तसंच होतं.

त्यांच्याशी माझं एकदा मोडलंही.

माझे वडील लासूर स्टेशनच्या जवळच्या गावचे. शेती बरी, गावात मान. त्यांना मुलीचा संसार मोडतोय हे आधी पटलंच नाही आणि पटल्यावर त्यांना जावयाला धडा शिकवायचा होता. ते माझ्याबरोबर छावणीत आले. खुर्चीत बसल्याबसल्या त्यांनी बाईंना आडनाव विचारलं. बाई म्हणाल्या, "खाली पाटीवर आहे, दादा. चढताना वाचलं असंल." वडिलांनी शेंगा सोलायला नकार दिला. त्यांचं म्हणणं होतं, की सासूचं आणि नणंदेचं नाव घाला, गाडी मागितली असं लिहा, मारहाण लिहा, म्हणजे माणसं वठणीवर येतील. सगळे असंच करतात.

बाईंनी मला विचारलं, सासूनं कधी हात उचलला का. मी नाही म्हणाले. गाडी मागितली का. नाही. त्यांनी माझी फाइल बांधली आणि वडिलांच्या हातात दिली.

"दादा, एक खोटी ओळ घातली की पोरीच्या खऱ्या चार पानांवर कुणी इश्वास ठेवणार नाय. माझ्याच्यानं व्हायचं नाय हे. दुसरा वकील बघा."

वडील तिथून ताडताड उतरले. अशी बाई काय केस लढवणार, असं जिन्यातच मोठ्यानं म्हणाले. त्यांनी दुसरा वकील बघितला. त्याच्याकडं टेबलाच्या अलीकडं पलीकडं बसायची पद्धत होती, एसी होता, आणि चार दिवसांत अर्ज तयार होता. त्या अर्जात माझ्या सासूबाईंनी माझ्या अंगावर रॉकेल ओतलं होतं.

मी तो अर्ज लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत वाचला. माझी सासू कजाग होती, टोमणे मारायची, मुलाची बाजू घ्यायची. पण माझ्या बाळंतपणात माझी आई आजारी असताना हीच बाई सव्वा महिना माझ्या अंगाला तेल लावत होती. पहाटे उठून डिंकाचे लाडू करत होती. अर्जातली बाई कुणीतरी दुसरीच होती. आणि खाली माझ्या सहीसाठी जागा सोडली होती.

मी सही केली नाही. तीन दिवसांनी एकटीच छावणीत गेले, नऊ पन्नासला. बाईंनी शेजारची खुर्ची पायानं थोडी ओढली आणि शेपूची जुडी माझ्या हातात दिली.

त्या गोड होत्या असं कुणी समजू नये. त्या माझ्यावर जेवढ्या चिडल्या तेवढं माहेरीसासरी कुणी चिडलं नाही. एकदा मी उत्साहानं म्हणाले, की माझी मुलगी सगळं सांगेल, तिनं सगळं पाहिलंय, तिलाच कोर्टात आणू. बाईंनी पहिल्यांदाच रस्त्यावरची नजर काढून माझ्याकडं पाहिलं.

"तो तिच्याकडून निरोप धाडायचा. तू उत्तर कुणाकडून धाडायचीस?"

मीही तिच्याकडूनच पाठवायची. "पप्पांना विचार, आज मीठ बरोबर आहे का." "पप्पांना सांग, गॅस संपलाय." मला त्यात एक प्रकारची जीत वाटायची.

"दोघांनी मिळून पोरीला टपालवाली केली," बाई म्हणाल्या. "आता साक्षीदार नको करू."

मी आठ दिवस त्यांच्यावर रुसले होते. पण वहीत ती गोष्ट लिहिली, तारखेसकट. माझ्या विरुद्ध जाणारी ती एकच नोंद होती, आणि बाईंनी ती अर्जात ठेवली.

दावा दाखल झाला, मी मुलीला घेऊन माहेरी राहायला गेले आणि तारखा सुरू झाल्या. पहिल्या तारखेच्या आठवडाभर आधी त्यांनी मला कोर्टात नुसतं फिरवून आणलं. पाणी कुठं आहे, बाथरूम कुठं, कोणत्या बाकावर पंख्याचा वारा लागतो, सासरचे कुठं बसतील आणि मी कुठं बसायचं. त्याच दिवशी त्यांनी मला चहाच्या टपरीवर उभं करून घटस्फोट हा शब्द मोठ्यानं म्हणायला लावला. तोपर्यंत मी 'ते' म्हणायची. 'ते झालं की', 'त्याची तारीख'. टपरीवाल्याला बाईंची सवय असावी. त्यानं चहा ओतता ओतता विचारलं, "ह्यांची पहिलीच वेळ का?"

आणि याच बाई एका तारखेला आल्याच नाहीत. मी पंख्याखालच्या बाकावर वाट बघत बसले, पुकारा झाला, फोन बंद. पुढची तारीख दोन महिन्यांनी पडली. समोर नवरा आणि सासू बसलेले. मी इतकी संतापले होते की तशीच छावणीत गेले. ऑफिसला कुलूप. खालच्या शिंप्यानं सांगितलं, मॅडम वेरूळला गेल्यात.

दुसऱ्या दिवशी कळलं ते असं, की तारखेच्या आदल्या दिवशी त्या एक केस हरल्या होत्या. एका बाईचा चार वर्षांचा मुलगा बापाकडं गेला होता. असं काही झालं की त्या सकाळची पहिली एसटी पकडून वेरूळला जायच्या आणि बुद्धाच्या लेण्यात भिंतीला टेकून दिवसभर बसायच्या. पर्यटक येत, फोटो काढत, आवाज घुमवून बघत. त्या बसून राहायच्या.

"तुझी तारीख माहीत होती," त्या म्हणाल्या. "पण काल कोट अंगावर चढंना. चुकलं माझं."

माफी म्हणून एवढंच. मला ते पुरेसं वाटलं नाही, खरं तर आजही वाटत नाही. माझे दोन महिने गेले होते. पण त्यांच्याकडं बघून मी पुढं भांडले नाही.

खरी गोष्ट घडली ती मध्यस्थीच्या बैठकीत. न्यायाधीशांनी आम्हाला तडजोडीसाठी पाठवलं. कोर्टाच्याच आवारात एक लहान खोली, एक वयस्कर मध्यस्थ, मी आणि बाई, समोर नवरा, त्याचा वकील आणि सासूबाई. मध्यस्थांनी नवऱ्याला विचारलं, तुमचं म्हणणं काय. तो टेबलाकडं बघत बसला. त्याच्या वकिलानं बोलायला सुरुवात केली तसा बाईंनी हात वर केला आणि त्यांच्या शुद्ध मराठीत विनंती केली, की यांचं म्हणणं यांच्याच तोंडून यावं, कितीही वेळ लागला तरी आम्ही थांबू.

मध्यस्थ बरं म्हणाले. मग खोलीत कुणीच बोलेना.

मला तो अबोला ओळखीचा होता. सासूबाई म्हणाल्या, तो लहानपणापासूनच असा. बाईंनी त्यांच्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला, "मावशी, पाणी प्या." वकिलानं घड्याळ बघितलं. मी तोंड उघडलं तर बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. तो हात त्यांनी काढला नाही. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. बाहेर दोन केसांचे पुकारे होऊन गेले.

मग तो बोलला. टेबलाशीच बोलला आधी. म्हणाला, त्याचे वडील घरात फार ओरडायचे, भांडी फेकायचे. त्याला तसं व्हायचं नव्हतं. राग आला की तो तोंड मिटून घ्यायचा. सासूबाई पदरानं डोळे पुसायला लागल्या. मग त्यानं मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं.

"तुला वाटायचं मी शिक्षा करतोय. पहिल्या दिवशी करायचो. दुसऱ्या दिवसापासून मला नुसतं परत सुरू करता यायचं नाही."

नऊ वर्षांच्या संसारात त्यानं मला सांगितलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट होती, आणि ती सांगायला त्याला कोर्टात यावं लागलं.

जिना उतरताना मी बाईंना म्हणाले, अर्ज मागं घ्यावा का. मला वाटलं, त्या रागावतील, नाही तर खूश होतील. त्या बुटाची नाडी बांधायला खाली वाकल्या आणि वाकूनच म्हणाल्या, "आठ दिवस मला फोन करू नको. त्याला कर."

मी केला. तीन दिवस आम्ही बोललो. लग्नाआधी बोललो होतो तसे. चौथ्या दिवशी मी मुलीच्या शाळेचं काही तरी काढलं, त्याला ते लागलं, आणि पलीकडून आवाज यायचा थांबला. त्यानंतर त्यानं फोन उचलला नाही. पाचवा दिवस, सहावा, सातवा. सातव्या दिवशी मी माहेरच्या स्वयंपाकघरात पेन घेऊन कॅलेंडरसमोर उभी होते. मला त्याचा राग नव्हता. तो तिकडं फोनकडं बघत बसला असेल, सुरू कसं करावं ते न कळून, हे मला आता दिसत होतं. पण ते दिसलं म्हणून मला पुन्हा त्या घरात राहता येणार नव्हतं. मी टिंब न देता पेन ठेवलं.

नवव्या दिवशी बाईंना सांगितलं, घटस्फोट घ्यायचा.

"राग आहे का अजून?"

नाही म्हणाले.

"मग घे. रागात घेतलेला लई दिवस खाजतो."

त्याच्या वकिलाशी बोलणं झालं आणि तोही तयार झाला. दाव्याचा संमतीचा अर्ज झाला. अटी ठरल्या: मुलगी माझ्याकडं, रविवार त्याचा, सुट्ट्या अर्ध्याअर्ध्या. शेवटी बाईंनी स्वतःची एक अट घातली, की मुलीविषयी जे काही असेल ते आईवडील एकमेकांना थेट सांगतील, मुलीकडून निरोप पाठवणार नाहीत. समोरचा वकील हसला. ही अट कुठलं कोर्ट पाळायला लावणार, म्हणाला. "ते मलाबी माहितंय," बाई म्हणाल्या. "तरी लिवा." नवऱ्यानं ती ओळ दोनदा वाचली आणि सही केली.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी दोघांना विचारलं, कुणाच्या दबावाखाली नाही ना. दोघंही नाही म्हणालो. मोबाइलचं सिमकार्ड बदलायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. बाहेर आले तर बाई कॅनव्हासचे बूट वाजवत दुसऱ्या कोर्टाकडं निघाल्यासुद्धा होत्या. तो पायऱ्यांवर उभा होता. थोडा वेळ घुटमळला. मग म्हणाला, "तिचा खोकला अजून गेला नाही. वाफ देत जा." मी हो म्हणाले. तो गेला.

त्या हिवाळ्यात वडील तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन गावाहून शहरात आले आणि मला न सांगता छावणीत गेले. हे मला शिंप्याकडून कळलं. तासभर खिडकीत बसून त्यांनी शेंगा सोलल्या, बाईंच्या हातचा चहा घेतला. काय बोलले ते दोघांपैकी कुणीच मला सांगितलं नाही.

पुढं माझं छावणीत जाणं कमी होत गेलं आणि मग थांबलं. लोक कामापुरतेच वकिलाकडं जातात. पण मनात मी त्यांच्याशी बोलत असायची. मुलीशी वागताना काही चुकलं, नवीन घर घेतलं, लॅबमध्ये वरची जागा मिळाली, की वाटायचं, एकदा जाऊन बाईंना सांगितलं पाहिजे. काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं.

दोनेक वर्षांनी लॅबमधल्या मैत्रिणीच्या लग्नात जेवायला बसले, तर शेजारच्या खुर्चीत बाई. केस पूर्ण पांढरे, हातात काठी, बूट तेच. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं.

"माझ्याकडं होतीस का?"

मी होते म्हणाले आणि नाव सांगायला लागले. त्यांनी हातानं थांबवलं.

"नाव नको सांगू. निकाल लागला की मी विसरून जाते गं. मुद्दाम. नायतर नवी बाई बोलायला लागली की मला मागचीच ऐकू येती." मग भाताचा घास घेता घेता विचारलं, "झालं ना नीट?"

झालं, म्हणाले. ठरवून ठेवलेलं सगळं तिथंच राहिलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. माझ्या आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या दोन वर्षांत त्यांच्याकडं माझ्यासारख्या किती जणी त्या खुर्चीत बसल्या असतील, हे मी कधी हिशेबात धरलंच नव्हतं.

माझी मुलगी आमच्या दोघींच्या मध्ये खुर्ची घुसवून बसली. आता ती सहावीला आहे. बाईंनी तिला शाळा विचारली. तिनं शाळा सांगितली, वर्गशिक्षिकेचं नाव सांगितलं, वर्गातली भांडणं सांगितली, रविवारी पप्पांबरोबर किल्ल्यावर चढताना कोण आधी दमलं ते सांगितलं, आणि पप्पांनी मला फोन करून ती पडल्याचं कसं उगाच वाढवून सांगितलं तेही सांगितलं. बाई जेवण थांबवून ऐकत होत्या. पोर थांबायचं नाव घेईना. वाढपी दोनदा जिलेबी घेऊन येऊन गेला.

"लई बोलती गं ही," बाई हसून मला म्हणाल्या.

"हौ," मी म्हणाले, आणि त्यांच्या पानात जिलेबी वाढायला सांगितली.